कॅरव्हॅनच्या जनरेटरला कोणतं इंधन, कोणतं ऑईल? पुण्यातल्या नवख्यांसाठी

कॅरव्हॅनचा जनरेटर चालून कमी आणि उभा राहून जास्त बिघडतो. गाडी रोज बाहेर पडते, पण तिच्यातला जनरेटर दिवाळीच्या सुट्टीत भंडारदऱ्याला चालतो, नाताळात दापोलीला चालतो आणि मग मे महिन्यापर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. तोवर टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असतं, कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) चिकट थर बसलेला असतो आणि ऑईलमध्ये ओल शिरलेली असते. म्हणून इंधन आणि ऑईल निवडताना ‘किती तास चालणार’ या प्रश्नाबरोबर ‘किती महिने नुसता पडून राहणार’ हाही प्रश्न विचारायला हवा. पुढचं सगळं त्या दुसऱ्या प्रश्नाला धरून लिहिलं आहे.

आधी यंत्र ओळखा

काही विकत घेण्यापूर्वी जनरेटरवरची प्लेट वाचा आणि सोबतची पुस्तिका उघडा. तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: इंधन कोणतं आणि त्यात इथेनॉल किती टक्क्यांपर्यंत चालतं, ऑईलची ग्रेड कोणती, आणि ऑईल किती लागतं. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर टाकून ती कंपनीच्या साईटवरून उतरवून घ्या. पुण्यात जनसेट, म्हणजे इंजिनासकटचा जनरेटर संच, ओळखणाऱ्या माणसांची कमतरता नाही. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स आणि कमिन्स इंडिया या दोन्ही कंपन्या इथल्याच. पण कारखान्याचा मोठा डिझेल जनसेट आणि कॅरव्हॅनमधला छोटा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर यांच्या गरजा वेगळ्या असतात. मोठ्या जनसेटवर हात बसलेला मिस्त्री सवयीने आपलं नेहमीचं १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑईल ओतायला निघतो. ते तुमच्या यंत्राला चालेलही, पण ठरवायचं पुस्तिकेवरून.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. नवा पोर्टेबल जनरेटर खोक्यातून येतो तेव्हा त्यात बहुधा ऑईल नसतं. पेट्रोल भरून थेट दोरी ओढू नका. बऱ्याच यंत्रांत ऑईल कमी असल्यास इंजिन बंद पाडणारा सेन्सर असतो, पण त्याच्या भरवशावर पहिली सुरुवात करू नये.

दिवे, पंखा, मोबाईल आणि छोटा फ्रिज एवढंच चालवायचं असेल, तर बॅटरी आणि छतावरचं सोलर पॅनल पुरतं. जनरेटरची खरी गरज एसीला, इंडक्शनला आणि सलग ढगाळ दिवसांना असते.

इंधन: पेट्रोल, डिझेल की गॅस?

पोर्टेबल जनरेटर घेणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला पेट्रोल येतं, कारण ही यंत्रं हलकी आणि कमी आवाजाची असतात. पण गेल्या काही वर्षांत आपल्या पंपावरचं पेट्रोल बदललं आहे. आता साधं पेट्रोल म्हणजे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. याचे जनरेटरवर तीन परिणाम होतात. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे तेवढ्याच विजेला थोडं जास्त इंधन लागतं. हिशोबाला सहा-सात टक्के धरा. दुसरं, जुन्या यंत्रांतले रबरी पाईप, वायसर आणि कार्ब्युरेटरचे काही भाग इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. तिसरं आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंधनाचा नळ तळाशीच असतो. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये हे सहसा होत नाही. अर्धी भरलेली टाकी घेऊन गाडी पावसाळाभर मुळशीच्या किंवा कोकणातल्या हवेत उभी राहिली तर मात्र होतं.

म्हणून पहिला नियम असा: पुस्तिकेत ‘ई१०पर्यंत’ असं लिहिलेलं असेल तर ती मर्यादा मनावर घ्या. अशा यंत्रासाठी इंडियन ऑईलच्या एक्सपी१००सारखं १०० ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची क्षमता), बिनइथेनॉलचं पेट्रोल हा एक मार्ग आहे. ते महाग पडतं आणि मोजक्याच पंपांवर मिळतं. यंत्र ई२०साठी बनवलेलं असेल तर माझ्या मते ते रोज जाळण्यापेक्षा हंगाम संपताना, शेवटच्या टाकीसाठी वापरणं शहाणपणाचं. यंत्र महिनोन्‌महिने उभं राहणार असतं तेव्हा टाकी रिकामी केल्यावर आत उरणारं थोडं इंधनही बिनइथेनॉलचं असलेलं बरं. एरवी अशा यंत्राला चालवायला साधं पेट्रोल उत्तम.

‘प्रीमियम’ पेट्रोलने जनरेटर जास्त ताकद देईल हा गैरसमज मनातून काढून टाका. छोट्या जनरेटरच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी असतं, त्याला ९१ ऑक्टेन पुरतं. जास्त ऑक्टेनमुळे एक वॉटही वाढत नाही. आणि ९५ ऑक्टेन म्हणजे बिनइथेनॉल असंही नाही. पंपावर स्पष्ट विचारा, “दादा, यात इथेनॉल आहे का?”

डिझेलचं गणित वेगळं आहे. तुमची कॅरव्हॅन फोर्स ट्रॅव्हलरसारख्या डिझेल गाडीवर बांधलेली असेल आणि जनरेटर गाडीत कायमचा बसवायचा असेल, तर डिझेल जनसेट सोयीचा. गाडीची आणि त्याची टाकी एकच. गाडीची बॉडी बांधणारा चांगला कारागीर जनसेटसाठी डिझेल ओढणारी नळी टाकीत मुद्दाम वर ठेवतो. डिझेल पाव टाकीपर्यंत आलं की जनसेट बंद पडतो, पण गाडी घरी येण्याइतकं इंधन शिल्लक राहतं. काम करून घेताना हे तोंडी नाही, लेखी मागा. १ एप्रिल २०२०पासून आपल्याकडे बीएस-६ डिझेल मिळतं. त्यातलं गंधक दहा लाखांत दहा भागांपर्यंत खाली आलं आहे, त्यामुळे ऑईल पूर्वीइतकं लवकर आम्लधर्मी होत नाही. डिझेल जनसेटची अडचण दुसरीच असते. त्याला हलक्या लोडवर तासन्‌तास चालवलं तर इंधन पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये काळं ओलसर तेल साचतं आणि सिलिंडरच्या भिंतींवर चकाकी चढते. पाच किलोवॅटचा डिझेल जनसेट दोन दिवे आणि टीव्हीसाठी चालवू नका. किमान ३० टक्के लोड असू द्या.

एलपीजीवर चालणारे जनरेटर मिळतात आणि ‘पडून राहण्याच्या’ कसोटीवर ते सर्वांत चांगले. गॅस शिळा होत नाही, कार्ब्युरेटरमध्ये थर बसत नाही, ऑईलही जास्त काळ स्वच्छ राहतं. पण घरच्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरवर जनरेटर चालवणं बेकायदा आहे. व्यावसायिक किंवा ५ किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर घ्या. तो उभाच ठेवायचा, आणि ठेवण्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे झरोके हवेत, कारण गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. कडाक्याच्या थंडीत गॅसचं बाष्प नीट होत नाही. सह्याद्रीत ही अडचण येणार नाही, हिमालयात येईल.

लोडशेडिंगच्या काळातले ‘पेट्रोलवर सुरू, रॉकेलवर चालू’ जनरेटर अजून जुन्या बाजारात दिसतात. स्वस्त मिळाले तरी कॅरव्हॅनसाठी घेऊ नका. वास, काजळी आणि वजन, तिन्ही गोष्टी प्रवासात नको असतात.

इंधन आणणं आणि नेणं

पुण्यातल्या पंपावर प्लॅस्टिकची बाटली पुढे केली की “साहेब, बाटलीत देता येणार नाही” हे उत्तर मिळतं, आणि ते बरोबरच आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल बाळगता येतं, आणि तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात. एक भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. प्रत्यक्षात १० लिटरचा एक चांगला धातूचा कॅन बहुतेक सहलींना पुरतो. तरीही पंपावर नाही म्हणाले तर वाद घालू नका. वीस-बावीस किलोचा पोर्टेबल जनरेटर सरळ पंपावर न्या आणि त्याच्याच टाकीत भरून घ्या.

भरताना कॅन गाडीत ठेवून नळी घालायची नाही. कॅन जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका राहत नाही. गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. भरलेला कॅन झोपण्याच्या जागेत कधीच नको. बाहेरून उघडणाऱ्या, हवा खेळत्या कप्प्यात ठेवा. कॅनवर मार्करने भरल्याची तारीख लिहा. महिन्याच्या वर गेलेलं पेट्रोल जनरेटरला न देता बाईकच्या ताज्या पेट्रोलमध्ये थोडं थोडं मिसळून संपवावं.

किती न्यायचं, याचा अंदाज असा बांधा. होंडाच्या ईयू३०आयएस या २.८ किलोवॅटच्या जनरेटरची टाकी १३ लिटरची आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार ती पूर्ण लोडवर सुमारे सात तास आणि पाव लोडवर सुमारे वीस तास पुरते. म्हणजे लोड चौपट केला तर इंधन तिप्पटच लागतं. थोडक्या लोडवर रात्रभर घरघर चालू ठेवण्यापेक्षा संध्याकाळी दोन-तीन तास चांगल्या लोडवर चालवून बॅटरी भरून घेणं स्वस्त पडतं. शेजारच्या तंबूतल्या माणसालाही झोप मिळते.

गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. बंद करून निवू द्या, मग भरा. आणि जनरेटर कधीही कनातीखाली, तंबूजवळ किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. गाडीत त्याचा अलार्म लावा. ज्या खर्चात काटकसर करू नये, त्यातला हा पहिला.

ऑईल: बाटलीवरचं काय वाचायचं

बाटलीवर दोन खुणा महत्त्वाच्या. पहिली घट्टपणाची: १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४०, किंवा नुसतं एसएई ३०. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा गरम झाल्यावर ते किती घट्ट राहतं ते. दुसरी खूण एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाची: ‘एस’ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. एसच्या पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा; एसजेनंतर एसएल, मग एसएम, मग एसएन.

छोट्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) फोर-स्ट्रोक पेट्रोल जनरेटरला सर्वसाधारणपणे १०डब्ल्यू-३०, एपीआय एसजे किंवा पुढचं ऑईल सांगितलेलं असतं. पुण्याच्या हवेला ते छान जमतं. डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी दोरी सहज ओढली जाते, आणि एप्रिलच्या चाळिशीतही ते टिकतं. नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या दुकानात बाईकसाठीचं १०डब्ल्यू-३० सहज मिळतं. त्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं असतं. ती खूण बाईकच्या ओल्या क्लचसाठी आहे. जनरेटरला क्लच नसतो, त्यामुळे तिचा फायदा नाही आणि तोटाही नाही. ग्रेड आणि एपीआय दर्जा जुळत असेल तर निःशंक वापरा. दुकानदाराने “बाईकचं २०डब्ल्यू-५० घ्या, जाड असतं, चांगलं असतं” म्हटलं तर मात्र नम्रपणे नको म्हणा. जाड ऑईल थंड इंजिनात उशिरा पोहोचतं, आणि इंजिनाची जास्तीत जास्त झीज सुरुवातीच्या त्या क्षणांतच होते.

मे महिन्यात सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात दिवसभर एसी चालवायचा असेल आणि पुस्तिकेतल्या तक्त्यात जास्त तापमानासाठी एसएई ३० किंवा १५डब्ल्यू-४० दिलेलं असेल, तर त्या सहलीपूर्वी ते घाला. एअर-कूल्ड इंजिन उन्हात खूप तापतं, पातळ ऑईल जास्त जळतं आणि पातळी भराभर उतरते.

डिझेल जनसेटला १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचं ऑईल सहसा चालतं. ट्रकसाठी तेच लागत असल्याने हायवेवर कुठेही मिळतं. सिंथेटिक ऑईल दोन्ही प्रकारांत चांगलं, पण पहिल्या ऑईलबदलानंतर.

तुमचा जनरेटर अगदी छोटा, टू-स्ट्रोक असेल तर त्याला वेगळं ऑईल भरायचं नसतं; टू-टी ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ५०:१ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली. जुन्या मॉडेलांत प्रमाण याहून जास्त असू शकतं, तेव्हा इथेही पुस्तिकाच पाहा.

भरणं, तपासणं, बदलणं

जनरेटर सपाट जागेवर ठेवा, इंजिन बंद, पाच-दहा मिनिटं थांबलेलं. झाकण काढा, डिपस्टिक पुसा. बऱ्याच मॉडेलांत डिपस्टिक फिरवून न बसवता नुसती टेकवून पातळी बघायची असते. फिरवून बघितली तर पातळी जास्त दिसते आणि ऑईल कमी भरलं जातं. या छोट्या इंजिनांत एकूण ऑईलच अर्ध्या लिटरच्या आसपास असतं. त्यातलं शंभर मिली कमी होणं म्हणजे पाचवा हिस्सा गेला. म्हणून प्रत्येक वेळी सुरू करण्यापूर्वी पातळी बघायचीच. जास्तही भरू नका. जास्तीचं ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं आणि पांढरा धूर सुरू होतो.

घाटमाथ्यावर उतारावर गाडी लावली आणि जनरेटर मधेच बंद पडला तर घाबरू नका. तिरक्या इंजिनात ऑईल एका बाजूला जातं आणि सेन्सरला ते कमी वाटतं. यंत्र सपाट करा, पातळी बघा, मग पुन्हा सुरू करा.

ऑईलबदलाचं वेळापत्रक होंडाच्या छोट्या जनरेटरमध्ये असं आहे: पहिला बदल पहिल्या महिन्यात किंवा २० तासांनी, पुढे दर सहा महिन्यांनी किंवा १०० तासांनी, जे आधी येईल ते. पहिल्या वीस तासांत नव्या भागांचे बारीक धातूचे कण ऑईलमध्ये उतरतात, आणि या इंजिनांना बहुधा ऑईल फिल्टर नसतो. ते कण काढण्याचा एकच मार्ग म्हणजे ऑईल बदलणं. शंभर तास कमी वाटतात, पण ताशी ५० किलोमीटरने गाडी चालवली असं धरलं तर ते ५,००० किलोमीटर होतात.

आपल्यापैकी फार थोड्यांचे वर्षाला शंभर तास होतात. त्यामुळे सहा महिन्यांची अट आधी येते, आणि तीच लोक विसरतात. ‘तीनच वेळा तर वापरला, ऑईल नवंच आहे’ असं वाटतं. थोडा वेळ चालवून बंद केलेल्या इंजिनात ऑईल पुरेसं तापत नाही, त्यात उतरलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही. कमी चाललेल्या यंत्राचं ऑईल म्हणूनच लवकर खराब होऊ शकतं. लक्षात ठेवायला पाडवा आणि दसरा हे दोन दिवस धरा. मध्ये जवळपास सहा महिने असतात. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होतेच, त्याआधी ऑईल बदला, एअर फिल्टर साफ करा, स्पार्क प्लग बघा. तासांचं मीटर नसेल तर दाराच्या आत एक छोटी वही अडकवा आणि प्रत्येक वापराचे तास लिहा.

काढलेलं जळकं ऑईल जुन्या डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला द्या, तिथून ते पुनर्वापराला जातं. गटारात ओतलेलं ऑईल मुठा नदीत जातं.

उभा ठेवताना

दोन-तीन आठवड्यांची विश्रांती असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत ओल धरते. महिन्यापेक्षा जास्त असेल, आणि विशेषतः जूनमध्ये गाडी झाकून ठेवणार असाल, तर टाकी पूर्ण रिकामी करा. मग इंधनाचा नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. शेवटी कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करून फ्लोट बाउलमधले, म्हणजे त्याच्या तळाच्या वाटीतले, उरलेले थेंब काढा. प्लग काढून त्या छिद्रात चमचाभर इंजिन ऑईल घाला, दोरी हळूहळू दोन-तीनदा ओढा, प्लग परत बसवा आणि जिथे दोरी जड लागेल तिथे थांबा. त्या जागी व्हॉल्व्ह बंद असतात, आत दमट हवा शिरत नाही.

बसवलेला जनसेट रिकामा करणं शक्य नसतं, त्याला अधूनमधून चालवावं लागतं. कमिन्स ओनान आपल्या कॅरव्हॅन जनसेटसाठी महिन्यातून दोन तास, निम्म्या लोडवर चालवायला सांगते. एसी लावा म्हणजे लोड मिळेल. पाईपही बघा, गाडी उभी असली की उंदीर येतातच.

दसऱ्याला सुरू केल्यावर इंजिनाचा आवाज वरखाली होत असेल, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘हंटिंग मारत’ असेल, तर बहुतेक वेळा पायलट जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग, चोंदलेला असतो. आधी ताजं पेट्रोल घालून बघा. फरक पडला नाही तर कार्ब्युरेटर साफ करून घ्या. त्यासाठी ऑईल किंवा पेट्रोलची जात बदलून उपयोग होत नाही.

उंचावर जाताना

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. दर ३०० मीटरला जनरेटरची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. २.८ किलोवॅटचं यंत्र पुण्यात २.६च्या आसपास, महाबळेश्वरात २.३५च्या आसपास देईल. एसी सुरू होताना ओव्हरलोडचा दिवा लागला तर पेट्रोलला दोष देऊ नका. हवा विरळ असते, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. सह्याद्रीतल्या दोन दिवसांनी काही बिघडत नाही. लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, ताकद चाळीस टक्क्यांनी कमी होईल. तिथे आठवडा काढायचा असेल तर कंपनीकडून उंचावरचा जेट बसवून घ्या आणि परतल्यावर जुना परत लावा.

डिझेल असेल तर पुण्यात भरलेली टाकी घेऊन हिवाळ्यात लडाखला चढू नका. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. इंडियन ऑईलने २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. टाकी शक्य तेवढी रिकामी करत वर जा, वाटेत ते कुठे मिळतं याची चौकशी करून भरा, आणि भरल्यावर जनसेट अर्धा तास चालवा, म्हणजे नळीतलं आणि फिल्टरमधलं जुनं डिझेल रात्र पडण्याआधी संपेल.